सुकाणू चक्र, मोटारगाडीचे

मोटारगाडीची दिशा बदलण्यासाठी चालक जे चक्र हातांनी फिरवितो, त्यास सुकाणू चक्र किंवा व्यवहारात स्टीअरिंग म्हणतात. चक्राची गती सुकाणू दंडातून दंतचक्रांच्या पेटीकडे व तेथून जोडदांड्यांमार्फत पुढील चाकांकडे जाते [→ मोटारगाडी]. झीज, तडे, अपघात किंवा सजावटीची हौस यांमुळे हे चक्र बदलण्यात येते. नियंत्रण, इशारा व चालकाचे संरक्षण ही तिन्ही कार्ये त्याच्याशी निगडित असल्याने बदलानंतर ती अबाधित राहणे आवश्यक असते.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्या होडीच्या सुकाणूप्रमाणे दांड्याने वळवीत असत. १८९४ च्या पॅरिस–रूआं स्पर्धेत एका पानार गाडीस चक्र बसविलेले होते. त्यानंतर काही वर्षांतच चक्राचा वापर सार्वत्रिक झाला. लाकडी कड्याच्या जागी पुढे कठीण रबर व प्लॅस्टिक आणि नंतर धातूच्या सांगाड्यावर फेसाळ प्लॅस्टिकचा थर असलेले कडे आले. समोरासमोरच्या टकरीत ताठ दंड चालकाच्या छातीवर आघात करीत असे. त्यामुळे दाबला जाऊन ऊर्जा शोषणारे दंड प्रचारात आले. अमेरिकेत याविषयीची सुरक्षा मानके १ जानेवारी १९६८ पासून लागू झाली.

संरचना : चक्राचे तुंबा, आरे व कडे असे तीन भाग असतात. तुंब्याच्या भोकातील बारीक खाचा दंडाच्या टोकावरील खाचांत बसतात व नट किंवा बोल्ट त्यांना घट्ट धरतो. खाचांची संख्या व दंडाचा व्यास गाडीगणिक भिन्न असतात. म्हणून वेगळ्या बनावटीचे चक्र त्या गाडीसाठी घडविलेल्या जोड-तुंब्यावर बसवितात. मोमो चक्रांची सहा भोके सामान्यतः ७० मिमी. व्यासाच्या, तर नार्डी चक्रांची ७४ मिमी. व्यासाच्या वर्तुळावर असतात. कानसीने भोके लांबवून ती जुळविणे धोक्याचे असते.

चक्राचा व्यास कमी केल्यास अधिक बल लावावे लागते. ४०० मिमी. ऐवजी ३५० मिमी. व्यासाचे चक्र घेतल्यास तेच वळण घेण्यास सु. १४ टक्के जास्त बल लागते. शक्तिचलित साहाय्य नसलेल्या गाडीत हा फरक विशेष जाणवतो. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत गिअरचा दांडा चक्रामागेच असल्याने बोटे व दांडा यांतील अंतरही तपासावे लागते.

बदलण्याची रीत : पुढील चाके सरळ ठेवून विजेरीची जोडणी काढतात. एअरबॅग असल्यास साठलेला विद्युत् भार ओसरण्यासाठी निर्मात्याने सांगितलेला काळ थांबतात. नट सैल करून त्याचे काही आटे शिल्लक ठेवतात. त्यामुळे घट्ट बसलेले चक्र एकदम सुटून तोंडावर येत नाही. दंड व तुंबा यांवर जुळणीची खूण करून चक्र पुलरने ओढून काढतात. हातोडीने ठोकल्यास दबणाऱ्या दंडातील प्लॅस्टिकच्या खिळी तुटू शकतात. बसविताना खूण जुळवून नट टॉर्क पान्याने नेमून दिलेल्या मापापर्यंत आवळतात.

अंतर्भागाची जुळवणी : नवे चक्र व दंडाचे आवरण यांत घर्षण न होईल इतकी फट ठेवतात. दिशादर्शक आपोआप बंद करणारा उंचवटा व भोंग्याचा विद्युत् स्पर्श पूर्वस्थानी यावे लागतात. एअरबॅगच्या गाडीत गुंडाळीदार चपटी केबल फिरत्या चक्राशी विद्युत् संबंध राखते. ती मध्यस्थितीत नसल्यास पूर्ण वळणावर तुटते. कड्यावर चामडे चढविताना ते ताणून, आतील कडेने मेणदोऱ्याने शिवतात. सैल आवरण हाताखाली फिरल्यास ऐन वळणावर पकड सुटते.

एअरबॅगच्या झाकणावर मात्र चामडे किंवा रंगाचा जाड थर चढवू नये. झाकणाच्या आतील बाजूस मुद्दाम पातळ ठेवलेल्या रेषा असतात व टकरीच्या वेळी ते त्या रेषांवर फाटते. पिशवी सु. ३० सहस्रांश सेकंदात फुगत असल्याने तेथील अडथळा घातक ठरतो. काढलेला एअरबॅग संच झाकणाची बाजू वर करून ठेवतात व ओहममापकाने तपासत नाहीत, कारण मापकाच्या अल्प प्रवाहानेही तो पेटू शकतो.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. अशा गाडीत एअरबॅगविरहित शोभेचे चक्र बसविणे म्हणजे एक संरक्षक अवयवच काढून टाकणे होय. इशाऱ्याचा दिवा विझावा म्हणून मंडलात रोधक जोडल्याने दोष केवळ झाकला जातो. पुढे ती गाडी विकत घेणाऱ्यास आपण असुरक्षित आहोत हे कळतही नाही. झिजलेल्या चक्राच्या जागी त्याच बनावटीचे चक्र बसविणे किंवा केवळ कड्याचे चामडे बदलणे हा त्याहून श्रेयस्कर मार्ग होय.