दोन भेटींच्या मधला काळ

फिरत्या माणसाचे गावाशी नाते कसे टिकते? मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. महानुभावांचे अटन इथल्याच गावांतून झाले. नाथांच्या पैठणकडे जाणाऱ्या वाटांवर आजही दिंड्या चालतात. कीर्तनकार येतो, रात्र जागवतो आणि पहाटे पुढच्या गावाला निघतो. गाव मात्र वर्षभर त्याची आठवण काढते, कारण पुढच्या वर्षीची तिथी ठरलेली असते.

याच वाटांवरून गेली दीडशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती धर्मसेवकही फिरत आले आहेत. एका पाळकाकडे अनेक गावे, प्रत्येक गावात चारदोन घरे, आणि दोन भेटींमध्ये आठवड्यांचे, कधी महिन्यांचे अंतर. त्या अंतराचे काय करायचे, हीच या सेवेची खरी अडचण. पूर्वी तिचे उत्तर पत्राने दिले. आज ते खिशातल्या फोनने द्यायचे आहे.

पत्रातली नावे

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचे वय जवळजवळ दोन हजार वर्षांचे आहे. संत पौल हा मूळचा फिरस्ता. आज या नगरात, उद्या त्या बंदरात, मधूनच तुरुंगात. नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी १३ पत्रे त्याच्या नावावर आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवट पाहावा. पौल तोवर रोमला गेलेलाही नव्हता. तरी तिथल्या सुमारे दोन डझन माणसांना तो नावानिशी सलाम सांगतो. रूफस नावाच्या एकाच्या आईने आपल्यालाही आईची माया दिली, याची आठवण ठेवतो. सिद्धान्ताची एवढी जड चर्चा करून झाल्यावर हा मनुष्य नावे मोजत बसतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडची उदाहरणेही कमी नाहीत. रतनजी नवरोजी हे पारशी समाजातून आलेले धर्मोपदेशक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राहून काम करीत होते. जवळच जालन्याला नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलायलाही गेले. जालन्याची माणसे आणि समुद्रापलीकडचे मदतनीस, दोन्ही सांभाळायचे, तेही आगबोटीने जाणाऱ्या टपालावर!

पंडिता रमाबाईंची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या आणि गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला त्यांच्या साहाय्यासाठी संस्था स्थापन झाली. जागोजागी मदतमंडळे निघाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले. व्याख्यान ऐकून हेलावणे सोपे असते. पण व्याख्यातीच समुद्रापार गेल्यावर दहा वर्षे शब्द पाळायचा, तर मध्ये काहीतरी धागा हवा. तो धागा पत्रांचा आणि अहवालांचा होता. मुदत संपली तेव्हा, १८९८ साली, रमाबाई स्वतः पुन्हा अमेरिकेला गेल्या. पत्रांनी नाते जागते ठेवले, पण ते नव्याने बांधायला प्रत्यक्षच जावे लागले.

गावपातळीवर हे काम नियतकालिकाने आणि कार्डाने केले. १८४२ साली अहमदनगरात निघालेला ‘ज्ञानोदय’ विखुरलेल्या मंडळ्यांना एकमेकींची खबर देत राहिला. १९१२ पासून अखेरपर्यंत रेव्हरंड टिळक त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड आले. त्यावर चार ओळीच मावत, आणि त्या पोस्टमनसह साऱ्यांना वाचता येत. आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे गुणदोष त्या कार्डात थोडेफार दिसत होतेच!

टाळे लागलेली दारे

फोनची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. मार्चअखेर टाळेबंदी आली आणि १२ एप्रिलचा ईस्टर बंद दारांआड गेला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. पुढच्या वर्षी ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, खुली झाली. मधल्या काळात उपासना यूट्यूबवर, फेसबुकवर, झूमवर गेल्या. प्रवचन ऐकता आले, गीतेही म्हणता आली. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणे आणि मयताच्या घरी जाऊन नुसते गप्प राहणे कोणत्याही पडद्यावरून जमले नाही. काय पोहोचते आणि काय पोहोचत नाही, याचा हिशेब त्या दोन वर्षांनी सर्वांपुढे मांडला.

पोहोचते तेही थोडके नाही. मराठवाड्यात तर कळपच फिरता असतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांत ख्रिस्ती घरेही असतात. नाताळ येतो तो नेमका हंगामाच्या भरात. पाळक गावात, माणसे फडावर! अशा वेळी कोपीत रात्री ऐकलेला दोन मिनिटांचा आवाज मोलाचा ठरतो. त्यासाठी वाचता यायला हवे असेही नाही. “म्हातारीचा गुडघा कसा आहे? थोरला शाळेत जातो ना?” एवढे विचारले, की आपण कुणाच्या तरी ध्यानात आहोत हे कळते. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या किंवा पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाचेही तेच.

सुविचार आणि सलाम

अडचण पुढे येते. रोज सकाळी फुलांच्या चित्रावर एक वचन छापून तेच शंभर जणांना धाडले, की आपण संपर्कात आहोत असे वाटू लागते. पौलाने नावे मोजली होती. आपण पाठवलेल्यांची संख्या मोजतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच तो संदेश मिळतो. ओळख दोन्हीकडून हवी, ही अट यंत्रालाही घालावीशी वाटली!

दुसरी गोष्ट गुपिताची. एखादी बाई नवऱ्याच्या दारूसाठी प्रार्थना करा म्हणून विनवते. ते ग्रुपवर पडले, की संध्याकाळपर्यंत गावभर होते. शिवाय अनेक घरांत फोन एकच, आणि तोही मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती. तिला पाठवलेले उत्तर आधी कोण वाचणार, याचा विचार करायला नको का? मदत घेणाऱ्याचे, आजाऱ्याचे, लेकरांचे फोटो देणगीदारांना दाखवण्यापूर्वी त्यांना विचारणे हाही साधा माणुसकीचा नेम आहे. मे २०२३ मध्ये व्हॅटिकनने समाजमाध्यमांविषयी एक चिंतन प्रसिद्ध केले. त्यात चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला आहे. रस्त्यात पडलेल्याला बघून पुढे जाणारे आणि थांबणारे, असे दोघे त्या गोष्टीत आहेत. पडद्यावर बोट सरकवताना आपण कोणत्या बाजूचे होतो, असा तो प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट धर्मसेवकाच्या स्वतःच्या घराची. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ती सांगायला नको. टिळक लोकांसाठी घर उघडे टाकीत आणि फिरत. संसाराचा मेळ बाईंना घालावा लागे. तेव्हा माणूस निदान घरी आला की घरी असे. आता तो जेवायला बसलेला असतो आणि पाटाशेजारी फोन थरथरत असतो. बायकोमुलांच्या वाट्याची वेळही दूरच्यांना वाटून टाकणे, याला सेवा म्हणावे का? रात्री ठरावीक वेळेनंतर, अगदी जिवावरचा प्रसंग सोडला तर, फोन बाजूला ठेवण्याचा नेम कुटुंबाने मिळून करायला हरकत नसावी.

योहानाच्या नावे असलेली दोन लहानशी पत्रे नव्या करारात आहेत. दोन्हींचा शेवट एकाच धर्तीचा आहे. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते शाईने लिहिण्यापेक्षा येऊन समोरासमोर बोलावे म्हणतो, असे लेखक कळवतो. पत्र लिहिणाऱ्यालाच पत्राची मर्यादा ठाऊक होती. फोनचाही उपयोग असाच व्हावा. त्यावरून कळावे कुणाकडे आधी जायला हवे, कोण बरेच दिवस बोललेले नाही, कुणाचा दिवा विझतो आहे.

आणि हे काय केवळ पाळकांनाच लागू आहे? आपलीही माणसे पुण्याला, आखातात, अमेरिकेत पांगली आहेत. घरच्या ग्रुपवर सणाच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि मावशीच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्याचे महिन्याने समजते. आजच्या रविवारी त्या यादीतले एकच नाव निवडावे, त्याला नावाने हाक मारून विचारपूस करावी, आणि भेटायला कधी येतो ते सांगून टाकावे. सांगितलेली तारीख मात्र पाळावी.