नृत्य बसवायला शिकवणाऱ्या मायादीदी

हट्टंगडी संजीव राव हे बंगळुरूचे वास्तुविशारद. कोकणी बोलणारं सारस्वत घर. त्यांनी नर्तक उदय शंकर यांचा कार्यक्रम पाहिला आणि मुलींना नाच शिकवायचाच, असं ठरवून टाकलं. त्यांपैकी माया राव (1928–2014) यांना आधी सोहनलाल आणि सुंदरप्रसाद, मग दिल्लीत शंभू महाराज असे गुरू लाभले. कथकची जयपूर आणि लखनौ, दोन्ही घराणी पायांत उतरली. एवढ्या शिदोरीवर एखादीने आयुष्यभर मैफली केल्या असत्या. मायादीदी मॉस्कोला गेल्या.

तिथे बॅले-रचनाकार रोस्तिस्लाव झाखारोव यांच्याकडे त्या जे शिकल्या, त्याला आपल्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून जागाच नव्हती: नृत्य बसवणं. 1964 मध्ये परतल्यावर कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पाठबळाने त्यांनी दिल्लीत कोरिओग्राफीची संस्था काढली. 1987 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांच्या निमंत्रणावरून ती बंगळुरूला आली. कर्नाटकातल्या यक्षगान या लोकनाट्याचे कलावंत केरेमने शंभू हेगडेही मायादीदींकडे शिकले.

नृत्य बसवण्याच्या कामातली खरी अडचण तत्कारापाशी, म्हणजे कथकच्या मूळ पदन्यासापाशी, कळते. तीनतालाच्या सोळा मात्रा. ‘ता थेई थेई तत्’ला पाय उजवा-डावा-उजवा-डावा पडतो, ‘आ थेई थेई तत्’ला सुरुवात डाव्याने. बराबरीच्या मूळ लयीत सोपं वाटतं. चौगुनीच्या चौपट लयीत पाय जरासा उशिरा पडला की घुंगरू लगेच चुगली करतात. एकटी नर्तकी त्यातूनही वाट काढते: तबल्याकडे कान देऊन लय सावरते, तीनदा येणाऱ्या बोलाची एखादी तिहाई घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येते. कथकचा जीवच या उपजेत, ऐनवेळच्या सुचण्यात, आहे. पण रंगमंचावर बारा जणी असतील तर? प्रत्येकीने उपज केली तर गोंगाट, सगळ्यांना एका साच्यात घातलं तर कवायत. कोणी थांबायचं, कोणाचे पाय बोलायचे, कुठला कोपरा रिकामा ठेवायचा, हे रचनाकाराने ठरवायचं असतं. ते शिकवता येतं, या विश्वासावर मायादीदींनी अख्खी संस्था उभी केली. ‘रामायण दर्शनम्’, ‘होयसळ वैभव’ या त्यांच्या रचनांपेक्षाही मला हे काम मोठं वाटतं.

काळजी वाटते ती पुढची. कथकचे बोल वहीत लिहिता येतात, बारा जणींच्या वाटा आणि नजरा त्या वहीत उतरत नाहीत. नाचणाऱ्या पांगल्या की रचना संपते. 1957 चा कॉपीराइट कायदा नृत्यरचनेला नाट्यकृतीत धरतो, पण ती लेखी किंवा अन्य रीतीने नोंदलेली असेल तरच. नोंद नाही, तर जिने रचना बसवली तिला त्या कायद्याचा आधार नाही. वर्षानुवर्षांची मेहनत अशी उघड्यावर पडलेली असते.

पुण्या-मुंबईत कथकचे वर्ग कमी नाहीत, आणि फोन आज प्रत्येकीच्या हातात आहे. गुरूंनी बसवलेली प्रत्येक समूहरचना समोरून, कॅमेरा न हलवता, पहिल्या पावलापासून शेवटच्या समेपर्यंत टिपून ठेवा. वहीत बोलांखाली जागांचा आराखडा काढा. त्यावर तारीख घाला, आणि रचना बसवणाऱ्याचं नाव आधी लिहा.