धावायचं की नाही, ते राल्फी ठरवते

कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी फुटबॉलचा सामना असला की खेळाडूंच्या आधी मैदानात एक जनावर उतरतं. चांगली धडधाकट बायसन गाय. नाव राल्फी. तिच्याभोवती काउबॉय टोप्या घातलेले पाच विद्यार्थी दोर धरून पळत असतात. फॉल्सम फील्डला घोड्याच्या नालेच्या आकाराचा वळसा घालून ती उघड्या ट्रेलरमध्ये शिरते आणि तिच्यामागून कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ, म्हणजे ‘बफलोज’, मैदान घेतो. मध्यंतरानंतर पुन्हा एकदा हीच धाव. मिनिटभराच्या आत आटपणाऱ्या या कार्यक्रमासाठी पन्नासेक हजार माणसं उभी राहतात.

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, गुरांच्या दवाखान्यांत झाली. लेक डेनव्हरला असते. तिथून बोल्डर तासाभराच्या अंतरावर. २०२२ च्या हंगामात तिच्याकडे होतो, तेव्हा राल्फीला बघायचंच असं ठरवून गेलो आणि जागा मुद्दाम कठड्याजवळची घेतली. त्या वर्षी धावत होती ती सहावी राल्फी. तिचं घरातलं नाव एम्बर.

बायसनच्या वशिंडाकडे माझं लक्ष आधी गेलं. आपल्या खिल्लार बैलाचं वशिंड हे मांस आणि चरबी. बैल पळताना ते डुलतं. बायसनचं हलत नाही. पाठीच्या मणक्यांची लांब हाडं थेट वर गेलेली असतात आणि त्यांना जाड स्नायू धरून ठेवतात. हिवाळ्यात खालचं गवत मिळवायला ही जनावरं डोक्याने बर्फ बाजूला ढकलतात, त्यासाठीची ही सगळी रचना. त्यामुळे अंगाचा भार पुढे, मागचा भाग हलका. असं जनावर बघता बघता दिशा बदलतं. जवळ पळणाऱ्या माणसाला याचा विसर पडून चालत नाही.

फाटक उघडलं तेव्हा एम्बर क्षणभर जागीच उभी राहिली. कान पुढे. शेपटी अर्ध्यावर उचललेली. बायसनची शेपटी सरळ उभी झाली, तर ते जनावर बिथरलेलं आहे असं समजायचं आणि बाजूला व्हायचं. लोंबती असेल तर ते निवांत आहे. तिची मधेच होती. पाचांपैकी कुणीही दोर ओढला नाही, कुणी मागून डिवचलं नाही. मग ती आपण होऊन निघाली आणि पाचही जण तिच्याबरोबर सुटले.

पुढे डाव्या-उजव्या अंगाला दोघं असतात, ते दिशा सांभाळतात. मागचे वेग सांभाळतात. तिच्या अंगावर पट्ट्यांचा साज असतो, दोर त्याला बांधलेले. नाकात वेसण नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. वेसणीत जोर असतो तो दुखण्याचा. ती नसली, तर सुमारे चार-पाचशे किलोच्या जनावराला पाच पोरं अडवूच शकत नाहीत. राल्फीचा वेग ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत जातो, तेव्हा ताकदीचा प्रश्न तिथेच संपतो. पोरांच्या हातात उरतं ते एवढंच, की तिला वळण आधी सुचवायचं, आपण तिच्या वाटेत यायचं नाही आणि पाय घसरला तर दोर कधी सोडायचा ते ओळखायचं. पुढच्या दोघांचे दोर मी सबंध वळसाभर बघत होतो. ते बहुतेक वेळ सैलच होते. वळणावर आतल्या बाजूच्या मुलीने पावलं आखूड केली, बाहेरच्या मुलाने लांब टाकली आणि एम्बर त्या दोघांच्या मधून वळली. ट्रेलर दिसल्यावर तिने थोडा जोर वाढवला. आत खाणं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या मुलामुलींना ‘राल्फी हँडलर’ म्हणतात. विद्यापीठ त्यांना खेळाडूंचाच दर्जा देतं. फुटबॉल किंवा धावण्याच्या संघातल्या मुलांसारखी त्यांची निवड होते, सराव होतो, सन्मानचिन्हं मिळतात. पण सामन्याच्या दिवशी जे दिसतं तो त्यांच्या कामाचा अगदी लहान भाग. खरं काम हंगामभर आणि हंगामाबाहेरही चालू असतं: खाणं-पाणी, साफसफाई, अंगावर हात फिरवून तिला स्पर्शाची सवय लावणं, साज चढवणं-उतरवणं, ट्रेलरमध्ये चढ-उतार. जनावराला ज्या गोष्टीची भीती वाटते, ती त्याच्यासमोर थोडी थोडी आणायची आणि ते शांत राहिलं की खाऊ द्यायचा, ही पद्धत आमच्या धंद्यात नवी नाही. अवघड असतो तो धीर. आज साज चढला नाही तर उद्या, उद्या नाही तर पुढच्या आठवड्यात. सामन्याची तारीख जनावराला सांगून उपयोग नसतो.

ती राहते कुठे, हे विद्यापीठ जाहीर करत नाही. त्याला कारण आहे. १९७० मध्ये हवाई दलाच्या अकादमीतल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या राल्फीला पळवून नेलं होतं. अमेरिकेतल्या कॉलेजांत प्रतिस्पर्ध्याचं जनावर पळवणं ही जुनी खोड. लुइझियाना राज्य विद्यापीठाचा पहिला वाघ माइक हाही १९५० मध्ये असाच पळवला गेला होता.

राल्फीचा इतिहास तसा साध्या गोष्टींनी सुरू होतो. १९३४ साली कॉलेजच्या वर्तमानपत्राने संघासाठी नाव सुचवण्याची स्पर्धा घेतली, त्यातून ‘बफलोज’ हे नाव आलं. त्याच वर्षी शेवटच्या सामन्याला मुलांनी २५ डॉलर देऊन बायसनचं एक वासरू भाड्याने आणलं, सोबत सांभाळायला एक काउबॉय. त्या वासराला कडेला उभं करून ठेवता ठेवता काउबॉयच्या जोडीला चार विद्यार्थी लागले. कायमचं जनावर आलं ते १९६६ मध्ये. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी टेक्ससहून वासरू भेट दिलं. पळताना ते जो फुरफुर आवाज काढायचं, त्यावरून ‘राल्फ’ नाव पडलं. पुढे ती मादी आहे हे कळल्यावर ‘राल्फी’ झालं. १९६७ पासून ती संघाच्या पुढे धावू लागली आणि १९७१ मध्ये तर मुलांनी तिला कॉलेजच्या वार्षिक समारंभाची राणी म्हणून निवडून दिलं. तेव्हापासून प्रत्येक राल्फी मादीच. बायसनचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा होऊ शकतो, आणि मस्तीत आलेल्या नराजवळ दोर घेऊन पळणं हे वेडेपण आहे.

ज्या जनावराला ही मुलं इतकं जपतात, त्याच जातीचं याच मैदानी प्रदेशात एकोणिसाव्या शतकात काय झालं, तेही सांगायला हवं. कोटींनी असलेले बायसन कातड्यासाठी आणि इथल्या मूळ रहिवाशांचा आधार तोडण्यासाठी मारले गेले. शतक संपेपर्यंत हजाराच्या आत उरले होते. २०१६ मध्ये अमेरिकेने बायसनला राष्ट्रीय सस्तन प्राणी घोषित केलं. मैदानात राल्फी पळते तेव्हा ओरडणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हे असेल असं नाही. माझ्या मनात होतं.

एम्बरच्या आधीची पाचवी राल्फी २००८ पासून धावत होती. २०१९ च्या हंगामात ती हँडलरना दाद देईना. तब्येत उत्तम होती. अडचण अशी की ती फार उत्साहात, फार वेगाने पळू लागली, इशारे घेईना. विद्यापीठाने तिला हंगामाच्या शेवटच्या सामन्यांत मैदानात आणलं नाही आणि नंतर निवृत्त केलं. मग एम्बर आली, २०२१ मध्ये. तिचं उलटं झालं. पुढे पुढे तिला पळण्यात गोडी वाटेना. २०२५ च्या सप्टेंबरात विद्यापीठाने सरळ जाहीर केलं की हिला धावायची आवड नाही, कुरणात रमतगमत फिरणं आवडतं, तेव्हा ती आता तेच करेल. एक फार पळते म्हणून घरी, दुसरी पळत नाही म्हणून घरी. हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. सामने दूरदर्शनवर जातात, जाहिरातींचा पैसा असतो, माजी विद्यार्थी लांबून येतात. तरी जनावराच्या स्वभावापुढे या सगळ्याला थांबावं लागलं. माझ्या लेखी सबंध परंपरेत ही गोष्ट सर्वात मोलाची आहे.

सगळीकडे असं नाही. टेक्सस विद्यापीठाचा बीव्हो हा लाँगहॉर्न जातीचा, लांबच लांब शिंगांचा बैल. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बोल सामन्याआधी फोटोसाठी जॉर्जिया विद्यापीठाच्या उगा या बुलडॉगला त्याच्या जवळ आणलं, तेव्हा बीव्हो कठडा ढकलून थेट पुढे आला. माणसं आणि कुत्रा थोडक्यात बचावले. मी ते चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बीव्होची चूक मला त्यात कुठेच दिसत नाही. अनोळखी गर्दी, समोर अचानक आलेला कुत्रा, हलक्या लोखंडी जाळीचा कठडा. त्याने गुरं जे करतात ते केलं. आणि उगा? चपट्या तोंडाच्या बुलडॉगला जातीनेच श्वासाचा त्रास. मैदानात त्याच्यासाठी वातानुकूलित खोपटं ठेवतात. ज्या जनावराला उभं राहायला वातानुकूलन लागतं, त्याला दक्षिणेकडच्या उन्हात का आणायचं, याचं उत्तर मला कुणी द्यावं.

लुइझियानाच्या वाघाची गोष्ट यापेक्षा बरी. पूर्वी माइकचा पिंजरा मैदानात फिरवत, त्याने डरकाळी फोडावी म्हणून पिंजऱ्यावर धोपटत. आताचा सातवा माइक २०१७ मध्ये आला तेव्हाच विद्यापीठाने ठरवलं की हा वाघ मैदानात जाणार नाही. तो स्टेडियमसमोरच्या मोठ्या आवारात राहतो, झाडं आणि पाणी आहे, आणि पशुवैद्यक महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी त्याची रोजची देखभाल करतात. सामन्याच्या दिवशी लोक त्याला बघायला जातात. तो बाहेर आला तर दिसतो. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या गव्हर्नरच्या हट्टापायी फ्लोरिडाहून दुसराच एक वाघ आणून मैदानात पिंजऱ्यातून फिरवलाच. ताडोबाच्या रस्त्यावर वाघीण आडवी जाताना ज्याने पाहिलं आहे, त्याला हे बघवणार नाही.

बोल्डरहून परतल्यावर माझ्या डोक्यात शर्यतीचे बैल घोळत राहिले. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला. चाबूक, टोचणी यांना बंदी आणि पशुवैद्यकाचा दाखला आवश्यक. मी असे दाखले दिले आहेत. ताप बघायचा, नाडी, श्वास, खुरं, खांद्यावरची जखम, शेपटीचा शेंडा पिरगळल्याच्या खुणा. सगळं लिहून सही करायची. बैल धडधाकट आहे एवढं त्यातून कळतं. त्या बैलाला आज पळायचं आहे का, असा रकाना कुठेच नसतो, आणि तो दवाखान्यात भरताही येणार नाही. तो भरायचा तर शर्यतीच्या मैदानात, झेंडा पडायच्या आधी, जुंपताना उभं राहूनच. तिथे पशुवैद्यकाला एखादी जोडी बाहेर काढायचा अधिकार हवा, आणि त्याचा शब्द शेवटचा मानला गेला पाहिजे.

खटावकडच्या एका जुन्या गाडीमालकांना मी फोनवर राल्फीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, यात नवीन काय? जू खांद्यावर ठेवतानाच बैल सांगतो की. मनात असलं तर मान खाली घालून पुढं येतो, नसलं तर मान काढून घेतो. मी तसाच सोडून दावणीला आणतो. प्रवेश फी गेली तर गेली.”

“आणि बाकीचे?” मी विचारलं.

“बाकीचे म्हणतात, गट काढलाय, आता सेमीला उतरवायलाच पाहिजे. त्यांना तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत.”