स्वस्तातला कॅमेरा आणि बारा फोटो

छायाचित्रण हा श्रीमंतांचा छंद, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे. 'कोडॅक'ने १९०० साली 'ब्राउनी' हा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला आणि कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती आला. आपल्याकडे तेच काम पुढे बडोद्यात तयार झालेल्या 'आग्फा क्लिक-३'ने केले. आमच्या घरी हा कॅमेरा आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावरही असेल.

याची रचना अगदी सोपी. एक भिंग, एक शटर. आकाशात ऊन आहे की ढग, एवढेच खुणेवर फिरवून सांगायचे. १२० नंबरचा रोल घातला की बारा चौकोनी फोटो निघतात.

इतक्या साध्या यंत्राने फोटो नीट येतो, तो फिल्मच्या सोशिकपणामुळे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. जिथे उजेड पडतो, तिथे डेव्हलपरमध्ये काळी चांदी तयार होते. उरलेले क्षार हायपो विरघळवून टाकतो. उजेड थोडा जास्त झाला तर निगेटिव्ह दाट होते, पण तपशील टिकतात. उजेड कमी पडला, तर सावलीत काहीच उमटत नाही आणि नंतर कोणत्याही युक्तीने ते आणता येत नाही. म्हणून साध्या कॅमेऱ्याने घरात फोटो काढू नयेत. माणसाला अंगणात आणावे, आठ-दहा फुटांवर उभे करावे आणि हात स्थिर ठेवून बटण दाबावे. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळचे किंवा कलते ऊन उत्तम.

जुना कॅमेरा घेताना मागचे झाकण उघडून शटर दाबून पाहावे. भिंग उजेडाकडे धरावे. आत कोळिष्टकासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी समजावी. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. कॅमेरा चामड्याच्या कव्हरात कोंडून ठेवू नये.

खरा खर्च रोलचा. उटीच्या सरकारी कारखान्यात तयार होणारा 'इंदू' रोल आता इतिहासजमा झाला. आजचे रोल बहुतेक परदेशांतून येतात. त्यावर दोन उपाय आहेत. तिघा-चौघांनी मिळून एक रोल घ्यावा आणि कृष्णधवल रोल घरीच धुवावा. रोल टाकीत भरण्यापुरता संपूर्ण अंधार हवा; पुढचे सारे उजेडात होते. डेव्हलपर साधारण २० अंशांवर ठेवतात. आपल्या उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून बरेच गरम असते, म्हणून भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे.

खिशात फोन असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. फोनवर मी शंभर फोटो काढतो आणि एकही पुन्हा पाहत नाही. बाराच फोटो हाती असले, की कोणाचा काढायचा हे आधी ठरवावे लागते. माझ्या आजीचा तरुणपणीचा एकच फोटो आमच्याकडे आहे, कारण त्या काळी घरात कॅमेरा नव्हता. आज कॅमेरा आहे. मित्रांनो, पहिला रोल देखाव्यांवर खर्च करू नका. घरातल्या थोरांना उन्हात बसवा आणि त्यांचे फोटो काढा. निगेटिव्ह कोरड्या जागी जपले, तर ते आपल्या नातवंडांनाही पाहता येतील.