गुळाच्या रसांतील अम्ल व चुन्याचें प्रमाण

गूळ करतांना रसांत चुना घालण्याची चाल जुनी आहे. परंतु तो कशासाठीं घालावयाचा व कोठें थांबावयाचें, याचा विचार क्वचितच होतो. शाळेंतील रसायनशास्त्राच्या अम्ल व अल्क या पाठांतच त्याचें उत्तर आहे.

ऊंसाचा रस गोड खरा, पण त्यांत थोडें अम्ल असतें. चुना, राख, धुण्याचा सोडा हीं अल्कें होत. अम्ल व अल्क योग्य प्रमाणांत एकत्र आलीं म्हणजे परस्परांचा गुण मारतात, व लवण आणि पाणी उत्पन्न होतें. कोपनहेगन येथील सोरेन्सन यांनीं १९०९ सालीं अम्लतेचें जें पीएच माप योजिलें, त्यांत ७ हा उदासीन बिंदु. त्याखालीं अम्ल, वर अल्क. ताजा रस सुमारें ५ ते ५.५ वर असतो.

अम्ल रस तसाच आटविल्यास त्यांतील साखर फुटून द्राक्षशर्करा व फलशर्करा होतात. असा गूळ रवा धरीत नाहीं. हवेंतील ओल ओढून ढेप पाझरते. चुन्यानें हें फुटणें मंदावतें. शिवाय रसांतील स्फुरदाशीं त्याचा संयोग होऊन जो सांका बनतो, तो गढूळपणा घेऊन मळीबरोबर वर येतो. उलट चुना अधिक झाल्यास ह्याच फुटलेल्या शर्करा तापून काळवंडतात व गुळाचा भाव उतरतो. म्हणून रस ६ ते ६.५ च्या सुमारास, किंचित् अम्लच ठेवावा.

पळीचें ठराविक माप येथें उपयोगी नाहीं. तोडून पडलेल्या ऊंसांत अम्ल वाढतें. निवळींत लिटरभर पाण्यास जेमतेम दीड ग्रॅम चुना विरतो. ढवळलेलें चुन्याचें दूध पुष्कळ तीव्र असतें. आणि तें उघडें राहिल्यास हवेंतील कर्बाम्लवायु शोषून त्याचा जोर जातो.

हळदीवर चुना पडतांच ती लाल होते, हें घरोघर ठाऊक आहे. हळदीच्या दाट पाण्यांत भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी रसांत बुडवावी. ती लालसर झाली तर चुना मर्यादेबाहेर गेला असें समजून, रस तापण्यापूर्वींच राखून ठेविलेला ताजा रस त्यांत मिसळावा. पट्टी पिवळी राहिली तरी अम्ल किती उरलें हें हळद सांगत नाहीं. त्यासाठीं बाजारांत मिळणारा पीएच कागद वापरावा.

गुळव्याचा अनुभव मोलाचा आहेच. तथापि दर काहिलीस कागदाचा आंकडा, घातलेला चुना व उतरलेल्या गुळाचा रंग वहींत टिपून ठेवावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.