त्साव्होचे सिंह आणि पडद्यावर न आलेली माणसे

त्साव्होच्या नरभक्षक सिंहांवरचा ‘द घोस्ट अँड द डार्कनेस’ हा १९९६चा हॉलिवूडपट घडलेल्या घटनांवर उभा आहे. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी युगांडा रेल्वे आजच्या केनियातून टाकली जात होती. त्साव्हो नदीवर पूल बांधायला इंग्रज सरकारचा अभियंता जॉन हेन्री पॅटरसन मार्च १८९८मध्ये तिथे पोचला. पुढचे नऊ महिने दोन सिंहांनी मजुरांच्या छावण्यांत धुमाकूळ घातला आणि डिसेंबरात पॅटरसनने दोघांनाही टिपले. पडद्यावरचे सिंह आयाळीचे आहेत, खऱ्या सिंहांना आयाळ जवळजवळ नव्हतीच. पण असल्या फरकाने काही बिघडत नाही. मला खटकतो तो मायकेल डग्लसने साकारलेला रेमिंग्टन, पॅटरसनच्या मदतीला येणारा अमेरिकी शिकारी. असा कोणी त्साव्होत नव्हता. पटकथाकार विल्यम गोल्डमन यांनी तो कल्पनेतून आणला.

एवढे मोठे पात्र नव्याने घडवायची मोकळीक होती, तर ते मजुरांमधून का घडवले नाही? या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेले गेले आणि त्यांपैकी जवळपास अडीच हजार तिथेच मेले, बहुतेक रोगराईने आणि अपघातांनी. त्यांच्यातल्या नायकासाठी सामग्री शोधायलाही लांब जायला नको. ती पॅटरसनच्याच १९०७च्या पुस्तकात आहे. रुग्णालयाच्या तंबूत झोपलेल्या एका भिश्तीचा पाय सिंहाने कनातीखालून धरला. भिश्तीने जड पेटीला मिठी मारली, ती पेटी त्याच्याबरोबर फरपटत तंबूच्या कडेपर्यंत गेली. मग त्याने तंबूची दोरी पकडली आणि ती तुटेपर्यंत सोडली नाही. डिसेंबरात तर शेकडो मजूर रुळांवर आडवे झाले, गाडी थांबवली, तिच्यात चढले आणि निघून गेले. सुमारे तीन आठवडे काम बंद पडले. मागे उरलेल्यांनी झाडांवर खाटा बांधल्या, तंबूंत खड्डे खणून त्यांवर ओंडके टाकले. बंदूक नसलेल्या माणसांनी जगण्यासाठी लढवलेली ही अक्कल मला शिकारीपेक्षा कमी थरारक वाटत नाही.

यावर म्हणता येईल की चित्रपट म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे आणि गर्दीला नायक करता येत नाही. पण माझे म्हणणेही गर्दीबद्दल नाही, एका माणसाबद्दल आहे. चित्रपटातल्या मजुरांपैकी ओम पुरींचा अब्दुल्ला तसा होऊ शकला असता. तो पॅटरसनला रोखठोक जाबही विचारतो, पण कथेत त्याचे स्थान अडथळा आणणाऱ्याचेच राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सिंह मेल्यावर मजुरांनीच पॅटरसनला चांदीचे पात्र भेट दिले आणि त्यांच्यातल्या एका मिस्त्रीने त्याच्या पराक्रमावर हिंदुस्थानीत दीर्घ कविता रचली. त्यांची कृतज्ञता खरीच होती, आणि पॅटरसनचे धैर्यही. मात्र ज्या मजुरांमध्ये कवी होता, त्यांना नुसते भेदरलेले दाखवणे या पुराव्यानेच आणखी चूक ठरते.

आफ्रिकी माणसांची गत तर याहून वाईट. चित्रपटाचा निवेदक सॅम्युएल आफ्रिकी आहे खरा, पण गोष्ट तो पॅटरसनचीच सांगतो. पॅटरसनने पुस्तकात २८ हिंदी मजुरांचे बळी मोजले, नंतर एकूण आकडा १३५वर नेला. शिकागोच्या संग्रहालयातल्या या सिंहांच्या केसांची आणि हाडांची रासायनिक तपासणी २००९मध्ये प्रसिद्ध झाली, तिचा अंदाज सुमारे ३५ निघाला. पॅटरसनचा आकडा फुगवलेला असेलही. पण खरा आकडा आता कळण्याचा मार्ग नाही, कारण मेलेल्या आफ्रिकींची सरकारी नोंद ठेवलीच नव्हती, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.