ऐंशीच्या दशकातील गाणी : हसण्यापूर्वी जरा ऐका!



‘ऐंशीच्या दशकातले संगीत म्हणजे नुसता धांगडधिंगा!’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल! डिस्कोचे दिवे, चमचमते कपडे आणि कॅसेटवरचा तो ‘पोपट’ यांची टिंगल करणे हा आजही काही सुशिक्षितांचा आवडता विरंगुळा आहे. परंतु ही टिंगल गाण्याची होते की ते ऐकणाऱ्या माणसांची, याचा विचार आपण करणार आहोत की नाही?

प्रथम हिंदीचे पाहू. १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटात नाझिया हसन गायली, तेव्हा तिचे वय अवघे पंधरा होते. पुढे १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पी लाहिरी हे नाव घरोघरी पोहोचले. रस्त्यावर गाणाऱ्या गरीब मुलाची ती कथा थेट सोव्हिएत रशियातही गाजली. त्याच बप्पीदांनी १९८५ साली ‘ऐतबार’साठी गझलाही बांधल्या. पण १५ फेब्रुवारी २०२२ रोजी ते गेले, तेव्हाही कित्येकांना आठवल्या त्या त्यांच्या गळ्यातील साखळ्याच!

आता आपल्या दाराशी येऊ. त्याआधी रेकॉर्ड प्लेअर होता तो सुखवस्तूंच्या दिवाणखान्यात. रेडिओ सर्वांचा खरा, पण त्यावर काय लागणार हे दुसरेच ठरवीत. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चित्र पालटले. कॅसेट काढायला भांडवल थोडे लागे, त्यामुळे लहान कंपन्याही बाजारात उतरल्या. ज्यांना मोठ्या स्टुडिओची पायरी चढता येत नव्हती, अशा गायकांचा आवाज टेपवर आला. वागळे इस्टेटमध्ये पाळी करणारा कामगार असो वा कल्याणच्या चाळीतील भगिनी असो, आपल्या घरात काय वाजावे हे पहिल्यांदाच ती माणसे स्वतः ठरवू लागली. आखातात नोकरीला गेलेल्या नातेवाइकाने टू-इन-वन आणला, की साऱ्या चाळीची करमणूक होई. ही गोष्ट लहान नव्हे!

ज्या टेपवर डिस्को वाजला, त्याच टेपवर भीमगीतेही वाजली. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची भक्तिगीते गायिली, कव्वाल्या गायिल्या आणि भीमगीतेही गायिली. त्यांचे पुत्र आनंद शिंदे ‘नवीन पोपट’ने महाराष्ट्रभर पोहोचले. त्याच गळ्याने त्यांनी बाबासाहेबांची गाणी गायिली. वामनदादा कर्डकांसारख्या कवींचे शब्द गावोगावच्या गायनपार्ट्यांतून निघून कॅसेटच्या दुकानात आले. १९९०-९१ च्या जन्मशताब्दीत वस्त्यावस्त्यांतून जो स्वर घुमला, त्यामागे ही स्वस्त कॅसेट उभी होती. मग भीमगीताला वंदन करायचे आणि त्याच गायकाच्या दुसऱ्या गाण्याला ‘झोपडपट्टीचे संगीत’ म्हणून नाक मुरडायचे, हा कुठला न्याय?

याचा अर्थ सारेच चांगले होते, असे आम्ही म्हणत नाही. द्वयर्थी गाणी होती, बाईची थट्टा करणारी होती, चाली उचललेल्या होत्या. आईबहिणींसमोर जे लावता येत नाही ते वाईटच म्हणावे. पण टीका करताना गाणे नीट ऐकावे लागते, टिंगल करायला ऐकण्याचीही गरज पडत नाही!

आज प्रश्न निराळाच आहे. त्या कॅसेट मरत चालल्या आहेत. आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पावसाळी दमट हवेत टेपला पांढरी बुरशी धरते, फीत चिकटते. मोठ्या कंपन्यांची गाणी आज मोबाईलवर मिळतात. परंतु १४ एप्रिलच्या रात्री आपल्या नगरात कोणी टेप करून ठेवलेला कार्यक्रम दुसरीकडे कुठे मिळणार? त्यातील कवीचे नाव ना पुस्तकात आहे, ना रेडिओच्या दप्तरात.

म्हणून सांगणे आहे, की माळ्यावरचा खोका या रविवारी खाली काढा. बुरशी दिसली तर ती कॅसेट लगेच वाजवू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे खिटे मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर जोडून आवाज संगणकावर उतरवता येतो. हे काम घरातील मुलामुलींना सांगा. आजी-आजोबांना शेजारी बसवून गायक कोण, कवी कोण, ढोलकीवर कोण, साल कोणते, हे वहीत लिहून घ्या. आतला छापील कागदही जपा.

डिस्कोची कॅसेट निघाली तर तीही ठेवा. दिवसभर राबून आलेली आपली माणसे त्यावर मनमुराद नाचली आहेत. त्यांच्या आनंदाला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.